किल्ल्या कोणाच्या हाती? सामायिक सॉफ्टवेअर आणि नवागतांवरील विश्वास

बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन स्वतंत्र अधिकाऱ्यांच्या ताब्यात असतात. एकाच किल्लीने तिजोरी उघडत नाही. नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी यांपैकी एकही किल्ली दिली जात नाही. मात्र त्याला कायमचे या जबाबदारीपासून दूर ठेवले, तर जुने अधिकारी निवृत्त झाल्यावर तिजोरी उघडणार कोण, असा प्रश्न उभा राहतो. नवागतावर विश्वास केव्हा आणि किती टाकावा, हा प्रश्न प्रशासनाइतकाच जुना आहे. गेल्या तीन दशकांत तो संगणकाच्या क्षेत्रात अधिक गुंतागुंतीच्या स्वरूपात पुढे आला आहे.

लिनक्स ही संगणकप्रणाली याचे ठळक उदाहरण होय. २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. अँड्रॉइड भ्रमणध्वनीचा गाभाही लिनक्सचाच आहे. ही प्रणाली कोणत्याही एका कंपनीच्या मालकीची नाही. निरनिराळ्या देशांतील, परस्परांना कधीही न भेटलेले हजारो लोक ती मिळून घडवतात. बँकेकडे कर्मचाऱ्याची प्रमाणपत्रे असतात, त्याच्या पूर्वेतिहासाची पडताळणी करता येते. इथे मात्र नव्याने आलेल्या व्यक्तीविषयी बहुधा दोनच गोष्टी ठाऊक असतात: तिचा ई-मेल पत्ता आणि तिने केलेले काम. एवढ्या सामग्रीवर कोट्यवधी लोकांच्या वापरातील प्रणालीची किल्ली कोणाच्या हाती द्यायची, हे कसे ठरवले जाते आणि ते ठरवताना कोठे चूक होऊ शकते, हे समजून घेणे प्रशासन, विज्ञान-तंत्रज्ञान आणि अंतर्गत सुरक्षा या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांना उपयुक्त ठरेल.

‘मुक्त’ म्हणजे काय?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीला सुरुवात झाली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा जाहीर केला. अशा सॉफ्टवेअरचा कोड, म्हणजे ज्या आज्ञांपासून ते तयार होते त्या मूळ आज्ञा, सर्वांना वाचता येतात. त्यांची प्रत घेण्याची, त्यांत बदल करण्याची आणि बदललेली प्रत इतरांना देण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘मुक्त’ याचा अर्थ कोणीही उठून मूळ सॉफ्टवेअर बदलू शकतो असा नाही. प्रत्येकाला बदल करता येतो तो स्वतःजवळच्या प्रतीत. ज्या मूळ प्रतीवर सर्वांचा भरवसा असतो, तिच्यात बदल करण्याचा अधिकार मोजक्या लोकांकडेच असतो. सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तक कोणीही वाचू शकतो, परंतु दाखलनोंदवहीत नोंद करण्याचे काम ग्रंथपालाचेच असते, तसाच हा प्रकार आहे.

अधिकारांच्या पायऱ्या

प्रवेशाधिकार हा एकच एक अधिकार नसून त्याच्या अनेक पायऱ्या आहेत, ही बाब प्रथम ध्यानात घ्यावी लागते. पहिली पायरी कोड वाचण्याची. ती सर्वांना खुली असते. दुसरी पायरी दोष कळवण्याची आणि दुरुस्ती सुचवण्याची. सुचवलेल्या दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात. पॅच कोणीही पाठवू शकतो, मात्र तो स्वीकारायचा की नाही हे दुसराच कोणी ठरवतो. तिसरी पायरी इतरांच्या पॅचची तपासणी करण्याची. चौथी पायरी मूळ कोडच्या भांडारात थेट बदल नोंदवण्याची. येथे पोहोचलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक बदलाला पूर्वसंमती लागेलच असे नाही. पाचवी आणि सर्वांत जोखमीची पायरी म्हणजे तयार आवृत्ती जगासाठी प्रसृत करणे. याच पायरीवर सर्व्हर, संकेतस्थळ आणि सहीची गुप्त किल्ली यांचा ताबा येतो. नव्या व्यक्तींना अधिकार देणे अथवा काढून घेणे हेही येथूनच होते.

या पायऱ्यांमागील तत्त्व संगणकशास्त्रात जुने आहे. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात न्यूनतम अधिकाराचे तत्त्व मांडले. हाती असलेल्या कामासाठी जेवढा अधिकार लागतो तेवढाच द्यावा, त्याहून अधिक देऊ नये, असा त्याचा आशय आहे. भारतीय बँकांतील ‘मेकर-चेकर’ पद्धत याच विचाराशी नाते सांगते. व्यवहाराची नोंद एकाने करावी आणि मंजुरी दुसऱ्याने द्यावी, असा तिचा नियम आहे.

विश्वास ठरवण्याच्या तीन पद्धती

मोठ्या मुक्त प्रकल्पांनी नवागतांच्या संदर्भात वेगवेगळ्या पद्धती विकसित केल्या आहेत. त्यांपैकी तीन विशेष उल्लेखनीय होत.

लिनक्सच्या गाभ्याची पद्धत साखळीची आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत हजाराहून अधिक लोकांचे योगदान असते. एवढ्या लोकांना टोरवाल्ड्स व्यक्तिशः ओळखत नाहीत. प्रत्येक उपविभागाला स्वतंत्र देखभालकर्ते असतात. ते आलेले पॅच तपासतात, निवडतात आणि वर पाठवतात. प्रत्येक टप्प्यावरील व्यक्ती आपल्या लगतच्या मोजक्याच व्यक्तींवर विश्वास टाकते. २००४ पासून पॅचसोबत पाठवणाऱ्याचे आणि पुढे नेणाऱ्याचे नाव असलेली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ जोडण्याची प्रथा सुरू झाली. त्यामुळे कोणता बदल कोणाच्या हातून आला, याचा माग ठेवता येतो. टपालाच्या पाकिटावर प्रत्येक कार्यालयाचा शिक्का उमटावा, तसे हे आहे.

अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना १९९९ मध्ये झाली. तेथील पद्धत गुणवत्ता आणि मतदान यांवर आधारलेली आहे. नवागत प्रथम योगदान देतो. त्याच्या कामात सातत्य आणि वर्तनात समंजसपणा दिसला, की प्रकल्पाची व्यवस्थापन समिती त्याला थेट बदल नोंदवण्याचा अधिकार द्यावा का, यावर मतदान करते. हा अधिकार त्या विशिष्ट प्रकल्पापुरता असतो. कोडमधील एखाद्या बदलाला तांत्रिक कारण देऊन नकाराधिकार वापरण्याचीही तरतूद आहे. कारणाशिवाय दिलेला नकार ग्राह्य धरला जात नाही.

डेबियन प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. त्याने ओळखपडताळणी आणि परीक्षा यांची जोड घातली. डेबियनचा विकासक होऊ इच्छिणाऱ्याची डिजिटल किल्ली आधीच्या विकासकांनी त्याला ओळखून स्वाक्षरित केलेली असावी लागते. जुन्या विकासकाची शिफारस लागते. त्यानंतर प्रकल्पाची तत्त्वे, कार्यपद्धती आणि तांत्रिक कौशल्य यांविषयी त्याला प्रश्न विचारले जातात. ही प्रक्रिया दीर्घ असते आणि तिच्यामुळे उत्साही लोक अडकून पडतात, हे लक्षात आल्यावर २००७ मध्ये सदस्यांनी ठराव करून ‘डेबियन मेंटेनर’ ही मधली पायरी निर्माण केली. या पायरीवरील व्यक्तीला केवळ नेमून दिलेल्या पॅकेजच्या आवृत्त्या चढवता येतात. संपूर्ण भांडार तिला खुले नसते.

नकाराचीही किंमत असते

सुरक्षिततेचा सोपा उपाय म्हणून नवागतांना अधिकार देणेच टाळावे, असा विचार प्रथमदर्शनी पटण्यासारखा वाटतो. परंतु नकाराचीही किंमत मोजावी लागते. ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरचा अनुभव त्या दृष्टीने बोलका आहे. इंटरनेटवरील देवाणघेवाण सांकेतिक स्वरूपात गुप्त ठेवण्याचे काम ते करते. त्यात २०११ च्या अखेरीस समाविष्ट झालेली एक चूक मार्च २०१२ मधील आवृत्तीतून जगभर पसरली आणि एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने उघडकीस आली. या चुकीमुळे सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त माहिती बाहेरच्या व्यक्तीला वाचता येत होती. बदल पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. तपासणाऱ्याच्याही नजरेतून ती चूक निसटली. एवढ्या महत्त्वाच्या सॉफ्टवेअरचा भार त्या वेळी अत्यंत मोजक्या लोकांवर होता आणि त्याला मिळणारे आर्थिक साहाय्य नगण्य होते. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने अशा पायाभूत प्रकल्पांसाठी निधीची योजना जाहीर केली.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नुकसान होण्यासाठी दुष्ट हेतूच लागतो असे नाही. तसेच, तपासणाऱ्यांची संख्या वाढवायची तर कधी ना कधी नव्या माणसांना आत घ्यावेच लागते. नवागतांना रोखून धरणारा प्रकल्प वरकरणी सुरक्षित दिसतो, पण त्याचा भार उत्तरोत्तर कमी खांद्यांवर येत जातो. थकलेला एकटा माणूस हीच मग त्या प्रकल्पातील सर्वांत कमकुवत जागा ठरते. २०२४ मधील एका प्रकरणाने नेमके हेच दाखवून दिले.

‘एक्सझेड’ प्रकरण

‘एक्सझेड युटिल्स’ हे फायलींचा आकार लहान करणारे सॉफ्टवेअर आहे. बहुतेक सर्व लिनक्स प्रणालींत ते असते. अनेक वर्षे त्याची देखभाल मुख्यतः एकच स्वयंसेवक विनामोबदला करत होता. २०२१ मध्ये ‘जिया टॅन’ या नावाने एक व्यक्ती तेथे पॅच पाठवू लागली. तिचे काम उपयुक्त होते. २०२२ मध्ये काही अपरिचित नावांनी मूळ देखभालकर्त्याकडे तक्रारी सुरू झाल्या. काम संथ चालते, पॅच पडून राहतात, नव्या माणसाकडे सूत्रे द्यावीत, असा त्यांचा रोख होता. देखभालकर्त्याने आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगितल्या. हे काम छंद म्हणून विनामोबदला केले जात असल्याची आठवणही त्याने करून दिली. तक्रारी करणारी ही नावे नंतर कोठेही दिसली नाहीत. ती दबाव आणण्यासाठीच निर्माण केली गेली असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे.

हळूहळू जिया टॅनकडे अधिकार येत गेले. २०२३ मध्ये या नावाने आवृत्त्या प्रसृत होऊ लागल्या. मुक्त सॉफ्टवेअरमधील दोष आपोआप शोधणाऱ्या एका सेवेकडे दोषांची सूचना मिळण्यासाठी नोंदवलेला मुख्य पत्ताही बदलून जिया टॅनचा झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या सेवेतील तपासणीचा एक भाग बंद ठेवण्याची विनंती करण्यात आली आणि ती मान्य झाली. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये प्रसृत झालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरवाट दडवलेली होती. विशिष्ट गुप्त किल्ली जवळ असणाऱ्याला तिच्या आधारे दुसऱ्याच्या सर्व्हरवर हव्या त्या आज्ञा चालवता आल्या असत्या.

ही चोरवाट दडवण्याची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. तिचा मुख्य भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, माणसाला वाचता न येणाऱ्या फायलींत होता. तो कार्यान्वित करणारी आज्ञा मात्र सर्वांना दिसणाऱ्या कोडच्या भांडारात नव्हती. ती केवळ प्रसृत केलेल्या आवृत्तीच्या गठ्ठ्यात घालण्यात आली होती. म्हणजेच गैरवापर झाला तो पाचव्या पायरीच्या, आवृत्ती प्रसृत करण्याच्या अधिकाराचा. भांडार कितीही बारकाईने वाचले असते, तरी संपूर्ण चित्र दिसले नसते.

पोस्टग्रेस या डेटाबेसचे विकासक आणि मायक्रोसॉफ्टमधील अभियंते आंद्रेस फ्रॉईंड आपल्या संगणकावर वेगाच्या चाचण्या घेत होते. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे त्यांना खटकले. त्यांनी त्या विलंबाचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी चोरवाट जाहीर केली. या दोषाला तीव्रतेचे १० पैकी १० गुण देण्यात आले. सदोष आवृत्त्या तोवर प्रामुख्याने लिनक्सच्या चाचणीच्या शाखांपर्यंतच पोहोचल्या होत्या, त्यामुळे मोठा अनर्थ टळला. जिया टॅन या नावामागे कोण होते, हे सार्वजनिकरीत्या सिद्ध झालेले नाही.

काळ, काम आणि ओळख: तिन्ही अपुरे

विश्वासाची सर्वसाधारण मोजमापे तीन मानली जातात. व्यक्ती किती काळ सोबत आहे, तिने किती काम केले आहे आणि ती खरोखर कोण आहे. घडलेल्या घटना पाहिल्या, तर यांपैकी एकही मोजमाप एकट्याने पुरेसे नाही, असे दिसते.

काळाचा विचार करू. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या मूळ लेखकाने, स्वतःला त्याचा उपयोग उरला नसल्याने, मदतीची तयारी दाखवणाऱ्या एका अनोळखी व्यक्तीकडे त्याची सूत्रे सोपवली. लवकरच त्यात बिटकॉइनच्या एका विशिष्ट पाकिटावर डल्ला मारणारा कोड आला. तेथे घाई झाली होती असे म्हणता येईल. परंतु एक्सझेडमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली गेली आणि तरीही फसवणूक झाली. चिकाटीच्या प्रतिस्पर्ध्यापुढे केवळ वाट पाहणे हा बचाव ठरत नाही.

कामाचेही तसेच आहे. जिया टॅनची सुरुवातीची अनेक योगदाने उपयुक्त होती. चांगले काम कौशल्य सिद्ध करते, हेतू सिद्ध करत नाही.

ओळख पटवून घेतली तर प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. मात्र २०२१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासणीची यंत्रणा किती सजग आहे हे पाहण्यासाठी लिनक्सकडे जाणीवपूर्वक सदोष पॅच पाठवल्याचे उघड झाले. तेथे संस्था प्रतिष्ठित आणि ज्ञात होती. लिनक्सच्या ज्येष्ठ देखभालकर्त्यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे योगदान थांबवले आणि पूर्वीच्या बदलांचीही फेरतपासणी केली. ओळखीमुळे उत्तरदायित्व निश्चित करता येते, गैरकृत्य रोखता येतेच असे नाही. शिवाय ओळखीवर भर देताना नाव, देश किंवा भाषा यांवरून संशय घेण्याचा धोका संभवतो. त्यात प्रामाणिक नवागतांवर अन्याय होतो, आणि खोटे नाव धारण करणाऱ्याला मात्र हवी ती ओळख निवडता येते.

निर्णयाचे निकष

मग निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा? ‘ही व्यक्ती विश्वासार्ह आहे का?’ या प्रश्नाचे निश्चित उत्तर बहुधा मिळत नाही. त्याऐवजी ‘हा विश्वास चुकीचा ठरला तर काय होईल?’ हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. त्याचे उत्तर पुढील निकषांच्या आधारे शोधता येते.

पहिला निकष नुकसान भरून काढता येण्याचा. इंग्रजी विकिपीडियावर खाते उघडून चार दिवस झाले आणि दहा संपादने केली, की सदस्याला काही वाढीव अधिकार आपोआप मिळतात. हा उंबरठा इतका कमी ठेवता येतो, कारण चुकीचे संपादन काही क्षणांत उलटवता येते. लाखो सर्व्हरवर पोहोचलेली आवृत्ती मात्र त्वरित परत घेता येत नाही. जेथे चूक सहज उलटवता येते तेथे दार लवकर उघडावे, जेथे उलटवता येत नाही तेथे सावकाश, हे सूत्र यातून निघते.

दुसरा निकष दुसऱ्या डोळ्याचा. अधिकार मिळाल्यानंतरही त्या व्यक्तीचे काम कोणी पाहत आहे का, हे महत्त्वाचे. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या कोडच्या एका दुय्यम प्रतीत अज्ञात व्यक्तीने दोन ओळींची चोरवाट घुसवली होती. मूळ प्रत वेगळ्या यंत्रणेत होती. दोन्ही प्रतींची आपोआप तुलना होत असल्याने ती फसवणूक तत्काळ उघड झाली. तेथे बचाव झाला तो स्वतंत्र पडताळणीच्या व्यवस्थेमुळे. कोणावर किती विश्वास होता, याला तेथे फारसे महत्त्व उरले नाही.

तिसरा निकष अधिकार परत घेता येण्याचा. अधिकार देताना तो कोण, कसा आणि किती लवकर काढून घेऊ शकेल, हे आधीच ठरलेले असावे. दीर्घकाळ निष्क्रिय असलेल्यांचे अधिकार गोठवणे हाही याचाच भाग आहे, कारण विसरलेल्या खात्याची किल्ली चोराच्या हाती पडली तर ती लवकर लक्षातही येत नाही. खात्यांना दुहेरी पडताळणी असणे हे आता किमान आवश्यक मानले जाते. पायथॉन भाषेच्या सॉफ्टवेअर भांडाराने १ जानेवारी २०२४ पासून सर्व योगदानकर्त्यांना ती सक्तीची केली.

चौथा निकष निर्णय घेणाऱ्याच्या स्थितीचा. या निकषाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अधिकार देण्याचा निर्णय दबावाखाली, घाईत किंवा एकट्याने घेतला जात असेल, तर तो निर्णय पुढे ढकलणे इष्ट होय. नवागताच्या बाजूने अनपेक्षितपणे सुरू झालेला आग्रह हीच धोक्याची सूचना समजावी. अपाची किंवा डेबियनमध्ये हा निर्णय समितीने वा ठरलेल्या प्रक्रियेने होतो. त्यामुळे एका माणसाच्या थकव्याचा लाभ उठवणे कठीण जाते.

सामायिक संसाधनांच्या व्यवस्थापनावरील अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चराऊ कुरणे, जलसिंचन, मत्स्यक्षेत्रे अशा संसाधनांचा त्यांनी अभ्यास केला. टिकून राहिलेल्या व्यवस्थांत सदस्यत्वाच्या सीमा स्पष्ट असतात, वापरावर सदस्यांचीच देखरेख असते आणि नियमभंगाला क्रमाक्रमाने वाढणारी शिक्षा असते, असे त्यांना आढळले. सामायिक सॉफ्टवेअरलाही हे निष्कर्ष मोठ्या प्रमाणात लागू पडतात.

भारताच्या संदर्भात

केंद्र सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त स्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याविषयीचे धोरण जाहीर केले. प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनच्या पायावर उभी आहे. केरळमधील शालेय शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा व्यापक वापर होतो. बंगळूर येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१८ मध्ये सुरू झालेला ‘मोसिप’ हा प्रकल्प इतर देशांना राष्ट्रीय ओळखप्रणाली उभारण्यासाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर पुरवतो. अशा प्रणालींचा पाया जागतिक सामायिक सॉफ्टवेअरचा असल्याने दूरच्या एखाद्या प्रकल्पात नवागताविषयी घेतलेला निर्णय भारतातील कार्यालयापर्यंत परिणाम घडवू शकतो.

म्हणूनच आपल्या प्रणालीत कोणकोणते घटक आहेत, हे ज्ञात असणे ही पहिली गरज ठरते. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, म्हणजेच ‘सर्ट-इन’, २००४ पासून कार्यरत आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०-ब अन्वये ते सायबर घटनांबाबतची राष्ट्रीय संस्था आहे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांच्या आत या पथकाला देणे बंधनकारक झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पथकाने सॉफ्टवेअरमधील घटकांची सूची ठेवण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये छापलेली असतात, तशीच ही सूची असते. एखादा घटक सदोष निघाला, तर तो आपल्याकडे कोठे आहे, हे तिच्यामुळे त्वरित कळते.

या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय राजकारणाचीही बाजू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाशी संबंधित काही देखभालकर्त्यांची नावे लिनक्सच्या अधिकृत यादीतून निर्बंधविषयक कायद्यांच्या कारणास्तव वगळण्यात आली. विश्वासाचा निर्णय दरवेळी केवळ कामाच्या गुणवत्तेवर होत नाही, हे यावरून दिसते. केवळ वापर करणाऱ्या देशाचा अशा निर्णयांत आवाज नसतो. योगदान देणाऱ्यांचा, आणि त्याहून अधिक देखभाल करणाऱ्यांचा, तो असतो.

भारतीय विद्यार्थी या क्षेत्रात नवागत म्हणून मोठ्या संख्येने प्रवेश करत आहेत. २००५ पासून चालणाऱ्या ‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमातील त्यांचा सहभाग लक्षणीय आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोची येथे भरली. भाषांतर हेही प्रवेशाचे एक दार आहे. फायरफॉक्ससारख्या सॉफ्टवेअरच्या मराठी रूपासाठी कोणीही शब्द सुचवू शकतो, तो मंजूर करण्याचा अधिकार मात्र अनुभवी सदस्यांकडे असतो. सुचवण्यापासून मंजुरीपर्यंतचा हा प्रवास विश्वासाच्या पायऱ्यांचा प्रत्यक्ष पाठच होय. जो नवागत आपले काम लहान लहान, तपासायला सोप्या भागांत मांडतो, केलेल्या बदलाचे कारण लिहितो आणि तपासणीचा राग मानत नाही, त्याच्यावर विश्वास टाकणे इतरांना सोपे जाते.

समारोप

नवागतांवर विश्वास टाकण्याचा प्रश्न अखेरीस जुन्यांच्या व्यवस्थेचा प्रश्न ठरतो. जेथे अनेक देखभालकर्ते आहेत, अधिकारांच्या पायऱ्या स्पष्ट आहेत, प्रत्येक बदलाची नोंद आहे आणि अधिकार परत घेण्याचा मार्ग खुला आहे, तेथे नवागताला लवकर आत घेता येते, कारण एखादी चूक वा फसवणूक सर्वनाश करू शकत नाही. जेथे एकच थकलेली व्यक्ती सर्व किल्ल्या सांभाळत असते, तेथे विश्वास टाकणेही धोक्याचे आणि न टाकणेही धोक्याचे.

अर्ध्या सेकंदाचा विलंब एका सजग अभियंत्याच्या ध्यानात आला, म्हणून २०२४ मधील संकट टळले. पुढचे संकट टाळण्यासाठी अशा योगायोगावर विसंबून राहता येणार नाही. सामायिक सॉफ्टवेअर वापरणाऱ्या शासनांनी आणि उद्योगांनी त्याच्या देखभालीसाठी मनुष्यबळ व निधी पुरवणे, तपासणाऱ्यांची संख्या वाढवणे आणि प्रामाणिक नवागतांना क्रमाक्रमाने जबाबदारी देणे, हाच यावरील टिकाऊ उपाय होय. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन हातांत राहायच्या असतील, तर दुसरा हात वेळीच तयार करावा लागतो.